न कळलेला धक्का

धक्का मला कळला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे आठ दिवस मी ते कुणालाही सांगितलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट पोटात कशी फिरत राहते ते मला त्या आठ दिवसांत चांगलंच समजलं. चौऱ्याहत्तर सालचा मार्च, दुपारी पावणेतीनचा सुमार. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत मी माझ्या खोलीत बसून दुसऱ्या पाळीच्या याद्या करत होतो. याद्या संपल्या, पाणी प्यावं म्हणून बाहेर आलो, तर शेडमध्ये माणूस नाही. बाकांवर अर्धवट गुंडाळलेल्या कॉइल तशाच पडलेल्या, कुणाची तरी चप्पल उलटी, चहाचा एक कप फरशीवर फुटलेला. मला वाटलं, संप झाला. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मग दारातून पाहिलं तर सगळी कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं, बाहेर उन्हात उभी. बायकांनी एकमेकींचे हात धरलेले, आणि आमचे मालक विष्णुपंत मधोमध उभे राहून माणसं मोजत होते. कॉइल गुंडाळणाऱ्या चारुशीलानं मला पाहिलं आणि विचारलं, साहेब, तुम्ही आत काय करत होता? मी म्हणालो, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघत होतो. हे वाक्य कुठून आलं देव जाणे, पण इतकं बेमालूम आलं की पंतांनी तिथूनच माझ्याकडे पाहून कौतुकानं मान हलवली. मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, केवढा होता रे धक्का? तो म्हणाला, लय मोठा न्हवता, पर पत्रं वाजलं की. म्हणजे माझ्या डोक्यावरचे पत्रे वाजले होते आणि मी याद्या करत होतो.

तेवढ्यात लोक गप्प झाले. आतून आवाज येत होता. ठक, मग थोडं थांबून ठक. मी बाहेर येतानाही तो चालूच असणार, पण दिवसभर कानात असलेला आवाज ऐकू येत नाही. पंत आत धावले, त्यांच्यामागे मी, आमच्यामागे चाळीसएक माणसं. फळ्यांच्या आडोशापलीकडे प्रेस होती, पंप चालू करायच्या स्टार्टरला लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या कापायची, आणि तिच्यावर जोतीराम बसलेला होता. डाव्या हातानं पट्टी सरकवायची, पायानं पायडल दाबायचं, वरून घण आला की उजव्या हातानं तुकडा काढायचा. त्याचं चाललं होतं. पंतांनी हात आडवा करून आम्हाला थांबवलं. मिनिटभर ते नुसते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि ते खोटं नव्हतं. कुणीतरी मोटर बंद केली. जोतीरामनं मान वळवली, एवढे चेहरे पाहिले आणि चोरी पकडल्यासारखा त्याचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला. काय झालं, असं त्यानं विचारलं. पंतांनी त्याला उठवून मिठीच मारली. म्हणाले, धरणी हलली पण याचा हात हलला नाही, याला म्हणतात काम. आठ दिवसांवर पाडवा होता. पाडव्याला शंभर टनी नव्या प्रेसची पूजा ठरलेली होती. पंतांनी तिथेच जाहीर केलं की त्याच दिवशी जोतीरामचा सत्कार होईल, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि नवी प्रेस त्याच्याच हाती दिली जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मोटर बंद व्हायच्या आधी मी त्याचे डोळे पाहिले होते. ते उघडे होते, पण त्यांच्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो तर पद्मा ओट्यावर बसलेली होती. माझी बायको सहसा ओट्यावर बसत नाही. तिनं विचारलं, केवढ्यांदा बसला ना हो दुपारी? मी म्हणालो, हो, चांगलाच होता. मग तिनं मांडणीवरचा कुठला डबा पडला, शेजारच्या काकू कशा किंचाळल्या ते सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात धक्का ही साधी गोष्ट नाही. सदुसष्ट साली मी कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत वायरमन होतो आणि आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. अकरा डिसेंबरच्या त्या पहाटे जाग आली तेव्हा मी अंगणात होतो. कसा आलो ते आठवत नाही. पायाखालची जमीन रेड्यासारखी अंग झटकत होती, भिंती पडत होत्या, आणि मी सुखरूप उभा होतो आणि मला बायको आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. पद्मा आपली आपण बाहेर आली. तिच्या केसांत चुना होता. तिनं मला पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसलं. त्यावर ती आजवर एक शब्द बोललेली नाही. तेव्हापासून माझं अंगच धक्के ओळखायला शिकलं. कुत्री भुंकायच्या आधी मला कळायचं. साताऱ्याला आलो तरी तेच. झोपेत असलो तरी माझा हात आधी तिच्या दंडाकडे जायचा, मग डोळे उघडायचे. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. माझ्या एका पळून जाण्याची ती हप्त्याहप्त्यानं फेड चालली होती म्हणा ना. आणि आता भरदिवसा, टक्क जागा असताना, मला कळलं नव्हतं. रात्रीची भाकरी खाताना मी पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो, पाणी हलतंय का म्हणून. पद्मानं तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

कंपनीत माझं काम काय, तर माणसं बघायचं. सत्तर साली आम्ही नऊजण होतो, वाईला पंतांच्या घरामागच्या गोठ्यात. मी स्टार्टर तपासायचो, ते स्वतः जोडायचे. पंतांचे वडील वैद्य. त्यांच्या दारात आलेल्या माणसाला आधी प्रकृती विचारायची, मग कामाचं, अशी त्या घरची रीत. पंतांनी ती कारखान्यात आणली. रोज सकाळी दारातच एक वही असायची, प्रत्येकाला विचारायचं, प्रकृती काय म्हणते, आणि तो सांगेल ते नावापुढे लिहायचं. त्या पहिल्या वह्या अजून आहेत. दाढ ठणकते. धाकटी रात्रभर रडली. मन लागत नाही, कारण माहीत नाही. असं खरंखुरं लिहिलेलं आहे, आणि ज्याचं मन लागत नसे त्याला पंत बसवून ठेवायचे, चहा द्यायचे, कधी कृष्णेवर पोहायला घेऊन जायचे. मला ती नोकरी वाटतच नव्हती. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि जो तो विहिरीवर मोटर बसवायला लागला. नऊचे तीस झालो, तिसाचे ऐंशी, ऐंशीचे एकशे चाळीस. साताऱ्याची शेड झाली, सांगलीची व्हायला लागली. मला तपासणीवरून काढून माणसांवर नेमलं, कारण पंतांच्या मते माझ्यापाशी माया होती. वही तीच राहिली, पण दारात रांग लागायला लागली. पाच मिनिटांत शंभर माणसांची प्रकृती विचारायची म्हणजे काय विचारणार? लोक ठीक ठीक म्हणत पुढे सरकायचे. पुढे पुढे मी विचारायच्या आधीच म्हणायचे. शेवटी मी 'ठीक' असा रबरी शिक्का करून घेतला आणि पंतांनी माझी पाठ थोपटली. विजेच्या कपातीमुळे आमचा सुट्टीचा वार बुधवार होता. त्या दिवशी वीज नसली तरी हात आहेत ना, असं म्हणून पंतांनी श्रमदान सुरू केलं. तरुणपणी सेवा दलात होते, त्यांना ते शब्द मनापासून आवडायचे. स्वतः सगळ्यांच्या आधी मांडी घालून पेट्या बांधायला बसायचे. असा माणूस समोर बसला की उठून घरी जायची कुणाची छाती होणार? धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी मी जोतीरामची पानं उलटली. दुसऱ्या पाळीचा प्रेसवाला नोकरी सोडून गेल्यापासून हा दोन्ही पाळ्यांना होता. सत्तावीस दिवस, मध्ये खाडा नाही. सत्तावीस शिक्के मीच मारले होते, अगदी सरळ रेषेत.

तिसऱ्या दिवशी मी त्याला खोलीत बोलावलं. जोतीराम कुंडलचा, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, साताऱ्यातच करंज्याला एका खोलीत बायको आणि तान्हं मूल घेऊन राहायचा. समोरच्या खुर्चीवर बसायलाच तयार होईना. बसला तेव्हा काठावर. मी दार लावून घेतलं आणि त्याला सरळ विचारलं की त्या दुपारी काय झालं. तो म्हणाला, डब्याला सुट्टी झाली तिथपर्यंत ध्यानात आहे, त्यापुढचं नाही, आणि हे काही पहिल्यांदा नाही. कधी कधी पाळी संपते तेव्हा टोपली भरलेली असते, ती त्यानंच भरलेली असते, पण कधी भरली ते सांगता येत नाही. सांगताना तो हसला, आपण काहीतरी वेडगळ बोलतोय अशा आविर्भावात. मी म्हणालो, मग हे पंतांना सांगितलं पाहिजे, नवी प्रेस शंभर टनी आहे, तिच्या खाली हात गेला तर सांगायला काही उरणार नाही. तर तो उठूनच उभा राहिला.

"साहेब, पाया पडतो, पर तेवढं करू नका," तो म्हणाला. "थोरला भाऊ मिल्ट्रीत हाय. त्यो सुट्टीवर आला की समदं कुंडल त्येच्या मागनं फिरतंय. माजं नाव कवा कुणी घेतलं न्हाई. आता आबा येनार हाईत पाडव्याला, शाल बघाया. तुमी त्यांच्या म्होरं काय सांगनार, पोरगं बसल्या जागी झोपतंय म्हनून?"

मी म्हणालो, झोपतोयस असं नाही रे. पण मग काय, ते मला सांगता आलं नाही. त्याला शब्द नव्हता, निदान माझ्यापाशी नव्हता. ताप असला तर थर्मामीटर आहे, हात कापला तर पट्टी आहे. हे काय आहे? माणूस जागा असून नसतो, याची सुट्टी कुठल्या कारणाखाली मांडायची? आणि हे सगळं मी त्याला कुठल्या तोंडानं विचारत होतो? जोतीराम निदान खरं बोलला होता. मी त्याच्यासमोर बसून, मान हलवत, धक्का कळलेल्या माणसाचा चेहरा करून बसलो होतो. तो गेल्यावर मी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि डोळे मिटून बघितलं, काही जाणवतंय का. प्रेस चालू होती, शेडला लागून ट्रक जात होते, खिडकीची काच नक्की थरथरत असणार. मला माझ्या तळव्यांचा घाम तेवढा जाणवला. दुपारी पंतांनी चिठ्ठी पाठवली की मानपत्र मी लिहायचं आणि मीच वाचायचं. कारण माझं मराठी चांगलं आहे.

मी लिहिलं. हीच लाज आहे. बसलो आणि अर्ध्या तासात एकटाकी लिहिलं. 'भूमातेचा थरकाप होत असतानाही ज्यांचे कर कर्तव्यापासून तसूभरही ढळले नाहीत' इथपासून सुरुवात. वाचून माझ्याच अंगावर काटा आला, इतकं झकास साधलं होतं. पाचव्या दिवशी पंत मला जीपमधून सांगलीला घेऊन गेले, नव्या शेडची जागा दाखवायला. मी ठरवून निघालो होतो की वाटेत बोलायचं. जीप पंत स्वतः चालवत होते आणि स्वतःच बोलत होते. सांगलीला दोनशे माणसं घेऊ, प्रत्येकाला घर देऊ, मुलांची शाळा काढू, दवाखाना काढू. ते बोलत तेव्हा ते सगळं उद्या होणार असं वाटायचं, त्या दिवशीही वाटलं. कराडला कोयनेचा पूल ओलांडताना मी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, मानपत्र झालं का? मी म्हणालो, झालं. कासेगावला त्यांनी विचारलं, मधू, मानपत्राचं कुठवर आलं? मी म्हणालो, झालं, पंत. पेठ नाक्याला ते म्हणाले, अरे, ते मानपत्र मनावर घे बरं का, राहून जायचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात चाकावर, नजर समोर, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. समोरून उसाची बैलगाडी येत होती. तिला जीपनं बाजू दिली, पण शेवटच्या क्षणी, आणि बैलाचं शिंग ताडपत्रीला घासून गेलं. पंतांना ते कळलं असं वाटलं नाही. ते सांगलीच्या दवाखान्याबद्दल बोलत होते. इस्लामपूर, आष्टा, सांगली, सगळी वाट मी समोरच्या दांडीला धरून बसलो. मला भीती वाटली, जीप उलटेल याची नव्हे, तर या माणसाला सांगायचं म्हणजे आता नक्की कुणाला सांगायचं याची. मी मुकाट्यानं जागा पाहिली, छान आहे म्हणालो आणि परत आलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो होतो तर दारात एक बाई उभी. कडेवर मूल, डोक्यावर पदर घट्ट. पद्मानं तिला आत घेतलं. ती राहीबाई, जोतीरामची बायको. खाली बसली, चहा नको म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पद्माशीच बोलायला लागली. नवरा घरी येतो, जेवतो, हात धुतो, सगळं बैजवार, पण येत नाही. असंच म्हणाली, येतो पण येत नाही. मी विचारलं, म्हणजे काय? तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"परवा ह्ये पोरगं पाळन्यातनं पडलं, साहेब, त्येंच्या पायापाशी," ती म्हणाली. "वरडाया लागलं. कारभारी बसलं हुतं, डोळं उघडं, बगत हुतं त्येच्याकडं. उचललं न्हाई. मी विहिरीवरनं पळत आली, दोन हाका मारल्या, तवा म्हनलं, काय गं? आता ह्येला बी शाल घालनार का तुमी?"

मुलाच्या कपाळावर खरंच टेंगूळ होतं, हळद लावलेलं. मी काहीतरी बोललो. बघतो, करतो, असलं काहीतरी, ऑफिसातलं. ती उठली, पद्माला वाकून नमस्कार केला आणि गेली. मी चपला घालायला लागलो. पद्मा दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, तुम्हालाही नव्हता कळला ना त्या दिवशी? आवाज अगदी साधा, भाजी काय करू विचारावं तसा. मी एक चप्पल घालून तसाच उभा राहिलो. तिला कसं कळलं, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. गेल्या दिवाळीपासून तीन बारीक धक्के झाले होते, तिन्ही वेळा तिचीच झोप मोडली होती, तिन्ही वेळा ती माझ्या हाताची वाट बघत पडून राहिली होती, आणि हात आला नव्हता. मला उठवावंसं तिला वाटलं नाही. दमलेले असता, म्हणाली. मला एकदम रडू आलं. कोयनानगरला आलं नव्हतं ते आलं. तिनं मला रडू दिलं आणि मग घड्याळाकडे पाहून म्हणाली की उशीर होतोय.

पाडव्याला कंपनी ओळखू येत नव्हती. शेडवर गुढी, दाराला आंब्याची पानं, नव्या प्रेसला हार, तिच्या पोलादावर हळदीकुंकवाची बोटं. जोतीराम नव्या टोपीत, खुर्चीवर ताठ. शेजारी राहीबाई, मांडीवर मूल. मागे आबा, पांढरं पागोटं बांधून, लेकाला पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. पंतांनी शाल घातली, नारळ दिला, आणि मला मानपत्र वाचायला उभं केलं. मी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. 'कर्तव्यापासून तसूभरही' इथे आलो आणि माझा आवाज मलाच लांबून ऐकू यायला लागला, पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी बोलत असावं तसा. मी कागद खाली घेतला. मी म्हणालो, हे मी लिहिलंय, पण हे खरं नाही. जोतीरामचा हात थांबला नाही कारण जोतीरामला धक्का कळलाच नाही. आणि मला कसं माहीत? कारण मलाही कळला नाही. तुम्ही बाहेर पळालात तेव्हा मी आत कुणाला शोधत नव्हतो, मी याद्या करत बसलो होतो. कोयनेचा मोठा भूकंप ज्यानं अंगावर घेतला त्या माणसाला पत्रे वाजलेले कळले नाहीत. आम्ही दोघंही ठीक नाही.

माझा जीव हलका झाला. म्हटलं, सुटलो. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, कडाडून. पंत उठले, त्यांचे डोळे पुन्हा भरलेले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, बघा, एक समजत होतो, दोन निघाले. यानं तर सांगितलंसुद्धा नाही आठ दिवस. त्यांनी स्वतःच्या गळ्यातलं उपरणं काढून माझ्या गळ्यात घातलं. मी नाही नाही म्हणत होतो आणि ते ओठांनीच म्हणत असणार, कारण कुणालाच ऐकू गेलं नाही. आबांनी पागोट्याला हात लावून मला रामराम केला. मला हसू आलं, खरंच. इतकं उघड बोललो होतो आणि त्याचाही हार करून माझ्याच गळ्यात घातला होता. चूक पंतांची नव्हती. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना दुसरं काही ऐकायची सवयच ठेवली नव्हती.

पंतांनी आम्हा दोघांना हाताला धरून नव्या प्रेसपाशी नेलं. लोकांनी कडं केलं. जोतीराम स्टुलावर बसला, शाल अंगावर तशीच, पट्टी हातात घेतली. राहीबाई मूल घेऊन त्याच्यामागे उभी राहिली. पंत मला म्हणाले, मधू, मोटरचं बटण तू दाब, आज मान तुमचा दोघांचा. हिरवं बटण माझ्या बोटाखाली होतं. नवं, गुळगुळीत, आमच्याच कारखान्यात बनलेलं. माणसांवर नेमायच्या आधी मी असलीच बटणं तपासत होतो, आणि दाबायच्या आधी खाली बघायची माझी जुनी खोड. खाली पाहिलं. जोतीरामचा पाय पायडलवर होता, नुसता ठेवलेला नव्हे, दाबलेला. आणि पट्टी सरकवून झाली होती तरी डावा हात आतच होता, घणाच्या बरोबर खाली, बोटं पसरलेली. मोटर चालू झाली असती तर चाकाबरोबर घण खाली आला असता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते.

मी बोट उचललं. "जोतीराम, हात काढ," मी म्हणालो. तो हलला नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. लोकांत खसखस पिकली, कुणीतरी म्हणालं, कामाची लय घाई हाय. पंतही हसले आणि वाकून म्हणाले, जोतीराम, अरे हात काढ बाबा. जोतीराम समोर बघत होता. पंतांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आणखी एकदा हाक मारली, पूर्ण नावानं, दारात यादी वाचताना मारतात तशी. शाल खांद्यावरून घसरून पायाशी पडली तरी त्यानं खाली पाहिलं नाही. हसणं एकेक करून थांबलं. आबा पुढे आले आणि, लेका, एवढंच म्हणून थबकले. पंतांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत कधी न पाहिलेली भीती होती, अगदी साधी, लहान मुलाची. मी त्यांच्या नजरेतून नजर काढली नाही.

राहीबाईनं मूल आबांच्या हातात दिलं, पुढे आली, घणाखाली आपला हात घातला आणि त्याचं मनगट धरून अलगद बाहेर काढलं. एवढ्या माणसांत त्याचं मनगट तिनं सोडलं नाही. जोतीरामनं तिच्याकडे पाहिलं, दचकला, मग ओळखीचं हसला.

"कवा आलीस गं?" त्यानं विचारलं.

"सकाळपासनं हितंच हाय," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी बसली हुती. उठा आता, घरी जाऊ."